साहेबांच्या खुर्चीखालचं तापमान

ऐन थंडीत आमच्या साहेबांना उकडायला लागलं. आम्ही बाकीचे कानाला मफलर गुंडाळून, बोटं चोळत कामं करत होतो आणि साहेब खिडकी उघडून, कॉलर सैल करून, हातातल्या फायलीने वारा घेत बसलेले असायचे. कुणीही सही घ्यायला आत गेलं की विचारायचे, "तुम्हाला नाही उकडत?" साहेबांनी विचारल्यावर नाही कसं म्हणायचं? आम्ही "थोडंसं" म्हणायचो आणि बाहेर येऊन शिंकायचो.

आमची संस्था खडक तपासायची. कुणी कुठे खोल बोअर मारली की आतून निघालेल्या दगडाच्या लांबट कांड्या लाकडी पेट्यांत भरून आमच्याकडे यायच्या. हा खडक पूर्वी किती तापला होता, एवढंच आम्ही सांगायचं. गाळ साचतो, त्याच्यावर आणखी गाळ येऊन पडतो, खालचा दबत जातो, गरम होतो, दगड होतो. किती गरम झाला त्यावर ठरतं की त्यातून तेल निघेल, वायू निघेल, का सगळं केव्हाच करपून गेलंय. आता दगडाला थर्मामीटर लावून हे कळत नाही, कारण तापून गार झाल्यालाही कोट्यवधी वर्षं उलटलेली असतात. म्हणून आतलं असं काहीतरी शोधावं लागतं जे तापलं की बदलतं आणि गार झाल्यावर परत पहिल्यासारखं होत नाही.

अशा दोन गोष्टी आमच्याकडे बघायचे, दोन खोल्यांत, एकमेकींच्या समोर. डावीकडच्या खोलीत चिकणमाती. मातीचे काही कण ओल लागली की फुगतात. जमिनीखाली तापत गेले की हळूहळू त्यांची फुगायची सवय सुटते. किती सुटली, यावरून उष्णता कळते. या खोलीच्या पाटीवर "माती खाते" असं लिहिलेलं होतं, आणि त्यावरून दर नव्या माणसाला एकदा तरी हसू यायचंच. उजवीकडच्या खोलीत लाकूड. कोट्यवधी वर्षांपूर्वी गाळात वाहून आलेल्या झाडांचे काळे कण दगडात अडकलेले असतात. ते घासून गुळगुळीत करायचे, वर उजेड पाडायचा आणि किती उजेड परत येतो ते मोजायचं. जेवढं जास्त तापलेलं, तेवढं जास्त चमकतं. या खोलीला आम्ही काजळखोली म्हणायचो, कारण तिथून बाहेर आलेल्या माणसाच्या नाकावर हमखास डाग असायचा.

मातीच्या खोलीत नणंद होती आणि काजळखोलीत भावजय.

म्हणजे आधी त्या मैत्रिणी होत्या. शिकताना एका बाकावर बसायच्या. मग एकीने दुसरीची गाठ आपल्या थोरल्या भावाशी घालून दिली, आणि लग्नानंतर गंमत म्हणून एकमेकींना "वहिनी" आणि "वन्सं" म्हणायला लागल्या. "वन्सं, तुझी चप्पल माझ्या पायात आलीय बघ," अशी त्यांची भाषा. नाव जुन्या काळातलं, पण पुढे "तू". एका घरात राहायच्या, एका बसने यायच्या, दुपारी माझ्या टेबलाशी बसून डबा खायच्या. मी नकाशे काढायच्या विभागात होते आणि माझं टेबल मोठं होतं, हीच काय ती माझी पात्रता.

आता साहेब. साहेब खडकांतले नव्हते. आमच्याकडे येण्याआधी ते नळांच्या मीटरच्या खात्यात होते, आणि तिथे त्यांचा मोठा दरारा होता म्हणतात. कुठला मीटर खोटं बोलतोय हे ते आवाजावरून ओळखायचे. माणूस मनाने चांगला, पण एकदा डोक्यात काही शिरलं की ते बाहेर काढायला पाना लागायचा.

उकडण्याच्या तक्रारीवरून पहिल्यांदा दादाला बोलावलं. दादा म्हणजे नणंदेचा थोरला भाऊ आणि वहिनीचा नवरा. तो फ्रिज आणि एसी दुरुस्त करायचा. त्याने साहेबांच्या केबिनमध्ये खुर्चीवर चढून मशीन उघडलं, बंद केलं, खिशातलं तापमानाचं यंत्र भिंतीशी धरलं आणि खाली उतरला.

"साहेब, मशीन उत्तम आहे. खोली एकोणीस अंश. यात दूधसुद्धा नासणार नाही."

"मग मला का उकडतं?"

दादाने साहेबांकडे नीट बघितलं. साहेबांच्या अंगात जाड लोकरीचा स्वेटर होता. तो बारा महिने असायचा. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि आम्ही कुणीही कधी चकार शब्द काढला नव्हता.

"स्वेटर काढून बघा," दादा म्हणाला.

दारात उभे असलेले आम्ही जागच्या जागी थिजलो.

"हा स्वेटर," साहेब हळू आवाजात म्हणाले, "मी तू शाळेत जायच्या आधीपासून घालतोय. तेव्हा नाही कधी उकडलं. म्हणजे स्वेटरचा संबंध नाही. उष्णता दुसरीकडून येतेय." आणि त्यांनी बोट खाली, फरशीकडे केलं.

झालं असं होतं की महिन्याभरापूर्वी संस्थेने बोअर मारायचं नवं मशीन घेतलं होतं, ट्रकवर बसवलेलं. ते चालतं का बघायला आवारातच, साहेबांच्या केबिनच्या भिंतीला लागून एक बोअर मारली होती. दगडाच्या कांड्या निघाल्या, त्या पेट्यांत भरून मागच्या शेडमध्ये ठेवल्या आणि सगळे विसरले. साहेब विसरले नव्हते.

"माझ्या खुर्चीखाली काय आहे ते बघा," त्यांनी नणंद-भावजयींना फर्मावलं. "दोघीही बघा. एकच दगड घ्या, म्हणजे घोळ नको."

दोघींनी एक कांडी घेतली, फोडून अर्धी अर्धी वाटून घेतली आणि आपापल्या खोलीत गेल्या. वहिनीचं काम लवकर झालं. नणंदेचं काम सावकाशीचं. माती पाण्यात घोळायची, गाळ खाली बसू द्यायचा, काचेवर वाळवायचा, मशीनमध्ये बघायचा, मग ओल देऊन फुगवून परत बघायचा. ती कधी घाई करायची नाही. घाई केली की माती रुसते, असं ती म्हणायची.

शेवटी दोघी साहेबांसमोर उभ्या राहिल्या. चहाचे कप गोळा करायच्या निमित्ताने मीही आत होते.

"लाकडावरून एकशे पासष्ट अंश," वहिनी म्हणाली.

साहेब खुर्चीतून उठले.

"मातीवरून एकशे पाच," नणंद म्हणाली.

साहेब परत बसले, पण अर्धेच. "पाणी शंभरला उकळतं ना?"

"हो साहेब."

"म्हणजे काहीही धरलं तरी मी उकळतोय."

"साहेब, हे आत्ताचं नाही," वहिनी घाईघाईने म्हणाली. "काही कोटी वर्षांपूर्वीचं आहे. आता खाली सगळं गार आहे."

"मीटरचं रीडिंग मागच्या महिन्याचं असतं," साहेब म्हणाले, "म्हणून काय नळ आज गळायचा थांबतो?"

 साहेबांनी घाम पुसला. मग त्यांचा चेहरा कडक झाला, जुन्या खात्यातला. "पण दोन आकडे कसे? एकाच नळाला दोन मीटर लावले आणि दोघांचे आकडे वेगळे आले, तर एक मीटर बिघडलेला असतो. कुठला बिघडलाय?"

 वहिनी पटकन म्हणाली, "माझा नाही."

तिला तसं काही म्हणायचं नव्हतं, असं तिने मला नंतर दहादा सांगितलं. तिने यंत्र आदल्याच आठवड्यात तपासून घेतलं होतं, एवढंच तिच्या मनात होतं. पण शब्द तोंडातून निघाला तो निघाला. नणंदेने मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुम्हाला असं वाटतं का, वहिनी?"

तुम्हाला. त्या एका शब्दाने चहाच्या कपांचा ट्रे माझ्या हातात जड झाला.

त्या दिवसापासून दोघींचा अबोला सुरू झाला. डबा खायला एक यायची ती लवकर, दुसरी उशिरा, आणि मी दोन्ही वेळा जेवायला लागले. घरचं काय झालं ते मला दोघींनी वेगवेगळं सांगितलं, पण दादा दोघींच्या सांगण्यात सारखाच बिचारा होता. तो मध्ये बसायचा, दोन्ही बाजूंनी निरोप यायचे.

"अहो, वन्संना विचारा, भाजी वाढू का?"

"दादा, त्यांना सांग, मी वाढून घेईन. मातीला जमत नसेल, मला जमतं."

"अहो, मी मातीला काही बोलले का? विचारा त्यांना."

"बोलायला कशाला पाहिजे? साहेबांसमोर सांगून झालं ना."

दादा दोन्हीकडे मान वळवत जेवायचा. शेवटी त्याची मान खरंच धरली आणि तो पट्टा बांधून फिरायला लागला. मान वळेना म्हणून निरोपही जाईनात. मग घरात नुसतीच भांडी वाजायची.

इकडे संस्थेत बातमी फुटली होती. साहेबांच्या केबिनखाली एकशे पासष्ट अंश! कुणी म्हणे एकशे पाच, पण तेही काही थोडं नाही. आणि थंडी तर अशी पडली होती की शाईचं पेन खिशातून काढून आधी बगलेत धरावं लागायचं.

पहिल्या गेल्या त्या हिशेब विभागातल्या मावशी. त्यांचे गुडघे दुखायचे. शाल गुंडाळून त्या केबिनच्या दारात उभ्या राहिल्या.

"साहेब, जरा टेकू का? इथे म्हणे खालून ऊब येते."

साहेबांचे डोळे पाणावले. इतक्या दिवसांत कुणीतरी त्यांच्यावर विश्वास ठेवला होता. त्यांनी स्वतः उठून खुर्ची दिली. मावशी बसल्या, डोळे मिटले, थोड्या वेळाने म्हणाल्या, "येतेय हो. पायापासून वर येतेय."

दुसऱ्या दिवशी मावशींनी आपल्या शेजारणीला आणलं. तिसऱ्या दिवशी टंकलेखक मशीन उचलून आला. मग ग्रंथपाल, मग भांडारवाला, मग ज्यांचं भांडारवाल्याशिवाय अडतं ते सगळे. आठवड्याच्या आत आख्खी संस्था साहेबांच्या केबिनमध्ये होती. मी पण. खोटं कशाला बोलू? माझ्या विभागात खिडकीची काच फुटलेली होती. मोठं टेबल काही दारातून आत येईना, म्हणून मी फळी मांडीवर घेऊन, कपाटाला टेकून नकाशे काढायला लागले. माझ्या डाव्या कोपराखाली टंकलेखकाचं डोकं असायचं. त्या दिवसांतल्या माझ्या सगळ्या नद्यांना एक विनाकारण वळण आहे.

साहेबांनी शिस्त लावली. मीटरचे आकडे दोन आहेत, तर दोन्हींचा मान राखला पाहिजे, असं म्हणून त्यांनी खडूने फरशीवर मधोमध रेघ ओढली. डावीकडे एकशे पाच, उजवीकडे एकशे पासष्ट. वयस्कर आणि सांधेदुखीवाले उजवीकडे, धडधाकट डावीकडे. यावरून लगेच कुरबुरी सुरू झाल्या. धडधाकट माणसं लंगडायला लागली. ग्रंथपाल म्हणाला, मी रेघेवर बसतो, मला सरासरी चालेल. टंकलेखकाला उजवीकडे जागा मिळाली, पण दोन दिवसांनी तो आरसा घेऊन आला आणि म्हणाला, "बघा, माझा एक कान लाल झालाय." आम्ही बघितला. झाला होता खरा. मावशींनी त्याला आपल्या पिशवीतलं मलम लावलं.

नणंद-भावजय तेवढ्या आल्या नाहीत. दोन रिकाम्या विभागांमधल्या बोळात समोरासमोरच्या दोन खोल्यांत, दोघी स्वेटरवर स्वेटर घालून, दार लावून बसायच्या.

साहेबांनी दादाला परत बोलावलं, पुरावा दाखवायला. दादा मानेला पट्टा बांधून आला. माणसांच्या पायांतून वाट काढत भिंतीशी गेला आणि यंत्र दोनदा झटकून बघितलं.

"किती?" साहेब.

"एकतीस."

खोलीभर टाळ्या वाजल्या.

"साहेब, ही माणसं आहेत," दादा कळवळून म्हणाला. "एवढी माणसं कोंडली की खोली तापणारच. प्रत्येक माणूस म्हणजे एक पेटता बल्ब असतो."

"माझ्या लोकांना बल्ब म्हणतोस?" साहेब म्हणाले. मावशींना तर ते फारच लागलं. दादाला मान हलवता येत नव्हती, म्हणून त्याला नुसता नकारही देता आला नाही. तो यंत्र खिशात घालून निघून गेला.

नंतरच्या सुट्टीच्या दिवशी जे झालं ते मी स्वतः बघितलं नाही, पण दोघींनी मला ते एकत्र सांगितलं, एकमेकींना मध्येमध्ये तोडत, त्यामुळे माझा त्यावर विश्वास आहे.

सकाळी वहिनी दादाला म्हणाली, मी दाताच्या डॉक्टरकडे चाललेय. थोड्या वेळाने नणंद म्हणाली, मी मैत्रिणीकडे चाललेय. दादा म्हणाला, जा. दोघी वेगवेगळ्या बसने संस्थेत आल्या. वहिनी मागच्या शेडमध्ये शिरली, पेट्यांच्या ओळीत वाकून हळूच एक कांडी उचलली आणि हातोडी काढली, तोच पलीकडच्या पेटीमागून आवाज आला, ठक्. बघते तर नणंद, हातात हातोडी, पदर खोचलेला.

"दाताचं काय झालं?" नणंद म्हणाली.

"मैत्रीण घरी नव्हती का?" वहिनी म्हणाली.

दोघीही तिथे दुसरीला न कळता नवा दगड चोरायला आल्या होत्या. सुट्टीच्या दिवशी, दादाला फसवून.  मग नणंद पेटीच्या कडेवर बसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"साहेबांसमोर असं बोलायचं? इतकी वर्षं मी तुझ्या शेजारी बसलेय. माझी माती चुकली असं तुला वाटलं तर मला येऊन सांगायचं. मी परत केली असती. मी तीनदा परत केली! तीनदा एकशे पाच!"

"मला चुकली असं वाटतच नव्हतं ग," वहिनी म्हणाली. तीही रडायला लागली होती. "तुझी माती चुकत नाही हे मला माहितेय. म्हणून तर झोप येईना. तुझं बरोबर असेल तर माझं चुकलं असणार, आणि माझंही चुकलेलं नाही. मग काय झालं असेल?"

"तू" परत आला होता. दोघींनी नाकं पुसली, वहिनीच्या नाकावर लगेच काळा डाग पडला, आणि दोघींनी ठरवलं की एका कांडीवर भांडण्यापेक्षा आख्खी बोअर बघायची. वरपासून खालपर्यंत, ठरावीक अंतरावर एकेक तुकडा, अर्धा माती खात्यात, अर्धा काजळखोलीत.

पुढचे बरेच दिवस त्या दोघी जेवायलाही आल्या नाहीत. केबिनमधून कुणी बाहेर पडत नव्हतं, त्यामुळे कुणाच्या लक्षातही आलं नाही. शेवटी एका दुपारी त्या दोघी माझी फळी मागायला आल्या. मला रेघेपलीकडून ओढून बाहेर बोळात आणलं आणि कागद पसरून दोघींचे आकडे शेजारी शेजारी लावायला सांगितले.

मी ठिपके काढले. मातीचे ठिपके वरून खाली सावकाश, अगदी कळेल न कळेल असे वाढत गेले. खोल जाल तसं गरम, नेहमीप्रमाणे. लाकडाचे ठिपके आधी मातीच्या सोबत चालले, मग एका जागी एकदम उसळले, आणि त्याखाली परत उतरून मातीच्या शेजारी येऊन शहाण्यासारखे चालायला लागले.

"हे बघ," वहिनी म्हणाली, "खोल गाडलं जाऊन तापलं असतं तर खाली जाताना परत उतरलं नसतं."

"मध्येच कुणीतरी घुसलंय," नणंद म्हणाली. "वितळलेला दगड. फटीतून आला असणार, आजूबाजूच्याला चटका देऊन लगेच गार झाला असणार. लाकडाला तेवढा चटका पुरतो, ते लगेच बदलतं. मातीला वेळ लागतो. माती बदलायला बसेपर्यंत सगळं गारही झालं."

"आणि आपण नेमकी तिथलीच कांडी उचलली."

"मग तो दगड कुठाय?"

आम्ही तिघी शेडमध्ये गेलो. ज्या खोलीवर ठिपके उसळले होते तिथल्या पेटीत, दगडाच्या जागी एक लाकडी ठोकळा बसवलेला होता. कांडी हरवली की तिथे असा ठोकळा ठेवतात, म्हणजे पुढच्या कांड्या सरकत नाहीत. ठोकळा चांगला हातभर होता.

बोअर मारणारा शेडच्या बाहेर ऊन खात बसला होता. केबिनमध्ये जागा न मिळालेला तो एकटाच. आम्ही ठोकळ्याबद्दल विचारलं तर तो खजील झाला.

"काळाकुळकुळीत दगड होता हो तिथे. कसला टणक! नव्या मशीनचा दात मोडला त्याच्यावर, पहिल्याच दिवशी. मला असा राग आला ना..."

"टाकलास?"

"टाकेन कसा? कामाला लावला." त्याने आवाराच्या चढाकडे बोट दाखवलं. तिथे बोअरचा ट्रक उभा होता, आणि मागच्या चाकाखाली दंडाएवढ्या जाड काळ्या कांड्या एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या.

आता इथे आमच्यापैकी एकीने तरी विचार करायला हवा होता. पण दोघींनी इतके दिवस त्या दगडासाठी जीव टाकला होता. वहिनी धावत गेली, नणंद तिच्या मागे, "हळू, हळू, त्याच्यावर ओरखडा नको," असं म्हणत. दोघींनी एकेक कांडी धरून ओढली. कांड्या बाहेर आल्या. वहिनीने एक उजेडात धरली आणि म्हणाली, "वन्सं, बघ! कडेला काचेसारखी आहे, लगेच गार झालेली!" आणि ट्रक त्यांच्या शेजारून हळूच निघून गेला.

तो पळत वगैरे नव्हता. अगदी सकाळी फिरायला निघालेल्या म्हाताऱ्यासारखा उतारावरून चालला होता. बोअर मारणारा त्याच्या पुढे मागे धावत होता आणि त्याला थांबायला सांगत होता. मी ओरडले. केबिनच्या खिडकीत टंकलेखकाचा लाल कान दिसला, मग मावशींची शाल दिसली, मग आतून खुर्च्या सरकल्याचा मोठा आवाज आला. सगळे जण पटकन डावीकडे, एकशे पाचच्या बाजूला सरकले. त्या एका क्षणी मातीवर सगळ्यांचा विश्वास बसला.

ट्रकने उजवीकडच्या भिंतीला टेकून बघितलं. भिंत थोडा वेळ विचार करत उभी राहिली आणि मग उजवीकडच्या रिकाम्या फरशीवर कोसळली. कुणाला खरचटलंही नाही. धूळ खाली बसली तेव्हा आख्खी संस्था साहेबांच्या केबिनमध्ये फोटोला उभी असावी तशी दाटीने उभी होती, आणि समोर ट्रकचं तोंड होतं.

मग त्या भोकातून वारा आत आला. असा बोचरा वारा, की टंकलेखकाने पहिलं काम केलं ते मशीन उचलायचं. "मी माझ्या जागेवर जातो साहेब," तो म्हणाला. त्याच्या मागे ग्रंथपाल, त्याच्या मागे भांडारवाला. मावशी शेवटी उठल्या. फरशीवर हात टेकवून बघितलं, "गेली," असं म्हणाल्या आणि शेजारणीच्या खांद्याला धरून निघाल्या. थोड्याच वेळात खोलीत फक्त साहेब उरले, आणि खडूची रेघ.

नणंद-भावजय विटांवरून पाय टाकत आत आल्या. दोघींच्या हातात काळी कांडी होती. वहिनी म्हणाली, "साहेब, चूक आमची आहे. पण ऐकून घ्या." आणि दोघींनी मिळून सगळं सांगितलं. वितळलेला दगड घुसला, चटका बसला, लाकडाला कळला, मातीला कळायला वेळ मिळाला नाही, लाकूड खरं बोलतंय आणि माती पण खरं बोलतेय.

साहेब कांडी हातात घेऊन फिरवत होते. "म्हणजे दोन्ही मीटर चालू आहेत?"

"दोन्ही."

"आणि हा जो गरम दगड होता, तो आता असाच? थंड?"

"हात लावलाय तुम्ही, साहेब."

"किती वर्षं झाली थंड होऊन?"

"सहा कोटी तरी."

साहेबांनी मोठा श्वास सोडला. महिनाभर खांदे वर चढवून बसलेला माणूस एकदम खाली आला. "मग हे आधी सांगायचं नाही का?" ते म्हणाले. "मी इथे जीव मुठीत धरून बसलोय." आणि स्वेटरच्या बाह्या खाली ओढून त्यांनी आम्हाला चहा सांगितला.

त्यांना पुन्हा उकडलं नाही. भिंत बांधून होईपर्यंत भोकाला ताडपत्री लावली होती, ती वाऱ्यावर फडफडायची, आणि साहेब तिच्या शेजारी मजेत सह्या करायचे. वर पाठवलेल्या अहवालात त्यांनी दोन्ही आकडे दिले आणि खाली स्वतःच्या हाताने लिहिलं, "दोन्ही यंत्रे सुस्थितीत." भिंतीबद्दल "तपासणीदरम्यान बाजूला झाली" असं लिहिलं. वरून कुणी काही विचारलं नाही. बोअर मारणाऱ्याला लाकडी ठोकळे दिले, चाकाखाली ठेवायला.

माझ्या टेबलाशी परत तिघींचे डबे उघडायला लागले. दादाची मान सुटली. महिन्याभराने कुठल्यातरी दूरच्या बोअरच्या पेट्या आल्या, दोघींनी कांडी वाटून घेतली, आणि यावेळी उलटंच निघालं. मातीचा आकडा मोठा, लाकडाचा लहान.

"तुझं लाकूड तेलकट असणार," नणंद डबा उघडता उघडता म्हणाली. "तेलकट लाकूड नीट चमकत नाही, तूच सांगितलं होतंस."

"असेल. नाहीतर तुझ्या मातीला कुठूनतरी गरम पाणी लागलं असेल," वहिनी म्हणाली. "वन्सं, पैज लाव."

"लावली. हरलीस तर आठवडाभर दादाचं घोरणं तू ऐक, मी कापूस घालून झोपते."

"ते मी तसंही ऐकतेच," वहिनी म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की पलीकडून मावशी बघायला आल्या, इथे काय तापलंय म्हणून.